आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास व त्याचा जोडविषय

गेल्या पावसाळ्यांत, मासेमारीबंदीमुळें होड्या खाडीच्या कांठावर ओढून ठेवलेल्या असतांना, पूर्णगडचे एक पालक मजकडे आले. स्वतःची होडी असलेले ते तांडेल. त्यांची मुलगी आपल्याच शाळेंतून शिकून पुढें गेलेली; बारावीची परीक्षा तिनें चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण केली होती. पालकांच्या हातांत एका विलायती विद्यापीठाच्या माहितीपत्रकाचीं दोन पानें होतीं, आणि त्यांवरील पदवीचें नांव वाचून ते बुचकळ्यांत पडले होते. "सर," ते म्हणाले, "डॉक्टर समजतो, इंजिनिअर समजतो. हें आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे काय? आणि त्याला आणखी एक विषय जोडून ही जोडपदवी कशाला? एक विषय धड नाहीं म्हणून दोन घ्यावयाचे काय?"

प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र मला त्या दिवशीं सरळ देतां आलें नाहीं. दोन डगरींवर पाय ठेवूं नये, मुलीनें एकच विषय घ्यावा, असें सांगून मीं त्यांस वाटेस लावलें. पुढें विचार करतां तें सांगणें घाईचें झालें असें मला वाटूं लागलें. हा लेख म्हणजे त्या पालकांस, व त्यांच्यासारख्या इतरांस, उशिरां दिलेलें उत्तर होय.

प्रथम विषय कोणता तें पाहूं. दोन राज्यें एकमेकांशीं कशीं वागतात, कां लढतात, कां तह करतात, तह पाळतो कोण व मोडतो कोण, व्यापाराच्या अटी कोण घालतो, समुद्र कोणाचा, आणि ज्याच्या हातीं बळ नाहीं त्यानें न्याय कोठें मागावा, ह्या सर्वांचा पद्धतशीर विचार म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास. विचार फार जुना आहे. पण विद्यापीठांतील स्वतंत्र विषय म्हणून त्याचें वय शंभर वर्षांहून थोडेंच अधिक. पहिल्या महायुद्धाचा संहार पाहिल्यावर, युद्धें कां होतात ह्याचा शोध रोगाच्या शोधाप्रमाणें केला पाहिजे असें कांहीं लोकांस वाटलें. त्यांपैकीं डेव्हिड डेव्हिस नांवाच्या वेल्समधील धनिकानें युद्धांत पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ देणगी दिली, आणि १९१९ सालीं अबेरिस्टविथ येथें ह्या विषयाचा पहिला विभाग निघाला. प्राध्यापकाच्या पदास अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन ह्यांचें नांव देण्यांत आलें.

अबेरिस्टविथ ही कांहीं राजधानी नव्हे. तें समुद्रकांठचें एक लहान गांव आहे, आणि त्याच्या किनाऱ्यावर एक पडका किल्ला आहे. पूर्णगडच्या मुलांनीं हें वाचून थोडें हंसावें, त्यास माझी हरकत नाहीं.

ह्या पदावर बसलेले पहिले प्राध्यापक आल्फ्रेड झिमर्न हे मूळचे ग्रीक इतिहासाचे पंडित. प्राचीन अथेन्सवरील त्यांचा ग्रंथ १९११ सालचा. १९३६ सालीं त्याच पदावर ई. एच. कार आले. त्यांनीं केंब्रिज येथें ग्रीक व लॅटिन वाङ्मयाचें अध्ययन केलें होतें, आणि त्यानंतर वीस वर्षें ब्रिटिश परराष्ट्र खात्यांत काढलीं होतीं. आंतरराष्ट्रीय संबंधांची पदवी दोघांपैकीं एकाजवळहि नव्हती. दोघेहि दुसऱ्या शेतांत नांगर धरून मग ह्या शेतांत आले होते. मला वाटतें, जोडपदवीचें सारें मर्म येथेंच आहे. ह्या विषयाची स्वतःची जमीन थोडी. स्मरण तो इतिहासाकडून उसनें घेतो, मोजमाप अर्थशास्त्राकडून, नेमका शब्द कायद्याकडून, आणि दुसऱ्याचें मन ऐकण्याचा कान परभाषेकडून. जो हा एकच विषय शिकतो तो एकविसाव्या वर्षीं पृथ्वीवरील प्रत्येक देशाविषयीं पांच मिनिटें बोलूं शकतो. सहाव्या मिनिटाला त्याची अडचण होते.

हें नुसतें विधान झालें. तें तपासण्यास पूर्णगडाहून दूर जाण्याचें कारण नाहीं.

मुचकुंदी नदी समुद्रास मिळते तेथें, टेकडीवर आपला किल्ला आहे. किल्ला लहान, परंतु त्याच्या तटावर उभें राहिलें असतां अठराव्या शतकांतील मोठें राजकारण ज्या पाण्यावरून ये-जा करीत असे तें पाणी दिसतें. इ. स. १७५५ च्या मार्च महिन्यांत नानासाहेब पेशवे व मुंबईकर इंग्रज ह्यांच्यामध्यें तुळाजी आंग्र्याविरुद्ध करार झाला. एप्रिलमध्यें कमोडोर जेम्स ह्यानें हर्णैजवळील सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या वर्षीं, १७५६ च्या फेब्रुवारींत, अ‍ॅडमिरल वॉटसन व कर्नल क्लाइव्ह ह्यांनीं विजयदुर्गावर तोफा डागल्या. खाडींतील आंग्र्याचें आरमार जळून खाक झालें. तुळाजी पेशव्यांच्या कैदेंत पडला. विजयदुर्ग मात्र इंग्रजांनीं लागलीच सोडला नाहीं. ऑक्टोबरांत दुसरा तह झाला, तेव्हां बाणकोट व त्याच्याजवळचीं कांहीं गांवें घेऊन त्यांनीं तो पेशव्यांच्या हवालीं केला. एका मराठी सत्तेनें दुसऱ्या मराठी सत्तेचें आरमार परक्याच्या हातून बुडविलें, आणि त्यानंतर बासष्ट वर्षांनीं, १८१८ सालीं, हा सारा किनारा त्याच परक्याच्या हातीं गेला.

पेशव्यांचें चुकलें काय? आंतरराष्ट्रीय संबंधांचा नवशिका विद्यार्थी म्हणेल कीं, बळाचा समतोल साधण्यासाठीं जवळच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध दूरचा मित्र शोधणें हा राज्यांचा नित्याचा व्यवहार आहे. विधान खोटें नाहीं. परंतु इतिहासाचा विद्यार्थी त्याचा हात धरून विचारील : तुळाजी पेशव्यांस जुमानीत नव्हता हें तूं लक्षांत घेतलेंस काय? आंग्रे भावाभावांतच फूट होती हें पाहिलेंस काय? आणि इंग्रज हे खरोखर 'दूरचे' होते काय? ह्या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर चाळीस वर्षें आधीं एका मराठी मुत्सद्द्यानें लिहून ठेवलें होतें. रामचंद्रपंत अमात्यांचें 'आज्ञापत्र' हें इ. स. १७१५ च्या सुमाराचें. त्यांत टोपीकर सावकार इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशीं त्यांचे राजे आहेत, म्हणून समुद्रकांठीं त्यांस जागा देतांना फार सावध असावें, असा उपदेश आहे. राज्य आणि व्यापारी कंपनी ह्यांचें नातें काय, ह्या प्रश्नावर आज मोठमोठे ग्रंथ लिहिले जातात. त्याची गांठ अमात्यांनीं पूर्वींच ओळखली होती. नुसता सिद्धान्त शिकणाऱ्यास अमात्य ठाऊक होत नाहींत. नुसती सनावळी शिकणाऱ्यास अमात्यांच्या सूचनेचें महत्त्व कळत नाहीं.

ह्याच किनाऱ्यावर दुसऱ्या प्रकारचें एक उदाहरण आहे, आणि तें आमच्या तांडेलांच्या रोजच्या पोटाशीं लागलेलें आहे. समुद्र कोणाचा? पोर्तुगीजांनीं ह्या पाण्यांत जाणाऱ्या गलबतांस आपला परवाना, ज्याला ते कार्ताझ म्हणत, घेण्यास भाग पाडलें; पुढें मराठ्यांच्या आरमारानेंहि आपलीं दस्तकें चालविलीं. समुद्रावर अशी मालकी कोणासहि सांगतां येत नाहीं, असें डच पंडित ग्रोशियस ह्यानें १६०९ सालीं लिहिलें, तें पोर्तुगीजांच्या ह्याच दाव्यांस उत्तर म्हणून. (तो आपल्या देशाच्या कंपनीची वकिली करीत होता, हेंहि ध्यानांत ठेवावें.) त्यानंतर शंभर वर्षांनीं दुसरा एक डच कायदेपंडित, बिंकरशोक, ह्यानें असें मत मांडलें कीं, किनाऱ्यावरील तोफेचा गोळा जेथवर पोहोंचतो तेथवर त्या राज्याचा अंमल. ह्या विचाराशीं जोडलेली तीन सागरी मैलांची मर्यादा बऱ्याच राष्ट्रांनीं दीर्घकाळ मानली. पूर्णगडच्या बुरुजावर उभें राहून हा नियम वाचावा. तो पुस्तकांतला राहत नाहीं.

आज तोफेचा नियम गेला. भारताच्या १९७६ च्या कायद्यानें किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारें २२ किलोमीटर, हें आपलें प्रादेशिक पाणी ठरलें, आणि दोनशें सागरी मैल, म्हणजे सुमारें ३७० किलोमीटर, येथवर मासे, खनिजें इत्यादींवर आपला अनन्य हक्क. जमेका बेटावर १९८२ सालीं झालेल्या समुद्रविषयक मोठ्या तहांतहि ह्याच मर्यादा आहेत; भारतानें तो तह १९९५ सालीं मान्य केला. मासेमारीच्या बाबतींत मात्र घरांतच आणखी एक रेघ आहे. बारा मैलांच्या आंतील मासेमारीवर राज्याचा कायदा चालतो, बाहेर केंद्राचा. तेव्हां आपल्या किनाऱ्यासमोर परप्रांताचा मोठा ट्रॉलर दिसला असतां तक्रार कोणाकडे करावयाची, हें ती बोट कोणत्या रेघेच्या आंत आहे ह्यावर अवलंबून असतें. आणि रेघ चुकली म्हणजे काय होतें तें गुजरातच्या बोटींवर काम करणाऱ्या आपल्या पालघरकडील खलाशांच्या घरीं विचारावें. भारत व पाकिस्तान ह्यांच्यांत २००८ सालीं झालेल्या करारान्वयें दरवर्षीं १ जानेवारीस व १ जुलैस एकमेकांच्या ताब्यांतील कैद्यांच्या व मच्छीमारांच्या याद्यांची देवघेव व्हावयाची असते. त्या यादींत आपल्या माणसाचें नांव आहे किंवा नाहीं, एवढ्यावर एका घरची चूल अवलंबून राहते. जो मुलगा कायदा व आंतरराष्ट्रीय संबंध हे दोन्ही शिकेल, त्यास ती यादी कशी वाचावी व पुढचा अर्ज कोठें करावा हें कळेल.

अर्थशास्त्राची जोड किती उपयोगाची आहे हें पावसच्या बागायतदारांस सांगावयास नको. २०१४ सालच्या १ मे रोजीं, ऐन हापूसच्या हंगामांत, युरोपीय संघानें फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंब्यावर बंदी घातली. ती पुढच्या वर्षाच्या आरंभीं उठली. अमेरिकेचें दार तर त्यापूर्वीं कित्येक वर्षें बंदच होतें. अध्यक्ष बुश २००६ च्या मार्चमध्यें दिल्लीस आले, त्या भेटींत अणुकरार आणि आंबा ह्या दोहोंचाहि उच्चार झाला, आणि २००७ सालीं नाशिक जिल्ह्यांतील लासलगांवच्या केंद्रांत किरणोत्सर्गाची प्रक्रिया केलेला आंबा तिकडे रवाना झाला. अणुशक्तीची वाटाघाट व आंब्याची पेटी एकाच बैठकींत कां येतात, ह्याचें उत्तर अर्थशास्त्रावांचून देतां येत नाहीं, आणि केवळ अर्थशास्त्रानेंहि देतां येत नाहीं.

रत्नागिरीचा थिबा राजवाडा सर्वांनीं पाहिलेला आहे. ब्रह्मदेशाच्या ह्या शेवटच्या राजास १८८६ सालीं येथें आणून ठेवलें व १९१६ सालीं तो येथेंच वारला. सहलीला गेलेलीं मुलें राजाच्या दुर्दैवाची गोष्ट ऐकून परत येतात. परंतु १८८५ च्या युद्धास निमित्त झालेला तंटा हा सागवानाच्या लांकडांवरून एका व्यापारी कंपनीला झालेल्या दंडाचा होता, आणि त्या कंपनीच्या नांवांतच 'बॉम्बे' हा शब्द होता, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. येथें पुन्हां अमात्यांचे टोपीकर आठवतात.

आतां पदवीच्या व्यवस्थेकडे वळूं. विलायतेंत जॉइंट ऑनर्स म्हणतात ती एकच पदवी असते. दोन पदव्या नव्हेत. तींत दोन विषयांस बहुधा सारखें स्थान असतें. नांवांत दोन विषयांमध्यें 'व' असेल तर वांटणी जवळजवळ निम्मी-निम्मी, आणि 'सह' असेल तर पहिला विषय मोठा व दुसरा लहान, असा सामान्य संकेत आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें आंतरराष्ट्रीय संबंध व इतिहास अशी पदवी आहे. इंग्लंडांत हा अभ्यास तीन वर्षांचा. स्कॉटलंडमध्यें सेंट अँड्र्यूजसारख्या ठिकाणीं चार वर्षांचा. तेथें पहिलीं दोन वर्षें आणखी एखादा विषयहि चाखून पाहतां येतो आणि मग दोन विषय पक्के करतां येतात. अठराव्या वर्षीं ज्याचें मन ठाम नाहीं त्याला ही स्कॉटिश पद्धत अधिक मानवेल.

ह्यांतील अडचणीहि सांगितल्या पाहिजेत. दोन विभाग म्हणजे दोन वाचनाच्या याद्या, दोन तऱ्हांची लेखनपद्धति, आणि कित्येकदां एकाच आठवड्यांत दोहोंकडचे निबंध. एका विभागास वाटतें विद्यार्थी दुसऱ्याचा, दुसऱ्यास वाटतें पहिल्याचा. आपली विचारपूस आपणच करावी लागते. ज्याला वाचनाचा कंटाळा आहे त्यानें ह्या वाटेस जाऊं नये. आणि जोडीदार निवडतांना राज्यशास्त्र घेऊं नये, असें माझें मत आहे. तें वाईट आहे म्हणून नव्हे, तर तें ह्या विषयाचें सख्खें भावंड आहे म्हणून. दोघांच्या घरांत तींच भांडीं. अर्थशास्त्र घ्यावयाचें असेल तर दहावीनंतर गणित टाकूं नये. गणिताची भीति वाटून अकरावींत तें सोडणारीं मुलें हें दार आपल्या हातानें लावून घेतात, आणि त्याची जाणीव त्यांस दोन वर्षांनीं होते.

हें सर्व परदेशींच मिळतें असें नाहीं. मुंबई विद्यापीठांत बी. ए. च्या तिसऱ्या वर्षीं सहाही पेपर एका विषयाचे, किंवा तीन-तीन पेपर दोन विषयांचे, अशी व्यवस्था कित्येक वर्षें होती. आपल्या कित्येक माजी विद्यार्थ्यांनीं इतिहास-राज्यशास्त्र अशी जोडी घेऊन पदवी मिळविली, आणि आपण जॉइंट ऑनर्स केलें हें त्यांस कधीं कळलेंहि नाहीं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मुख्य व गौण विषयांची रचना आली आहे. तींत इतिहास किंवा अर्थशास्त्र मुख्य ठेवून पुढें एम. ए. स आंतरराष्ट्रीय संबंध घेतां येतात. दिल्लीस १९५५ सालीं ह्या विषयाची स्वतंत्र संस्था निघाली व १९७० सालीं ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठांत विलीन झाली; पदव्युत्तर अभ्यासासाठीं तें जुनें व नांवाजलेलें ठिकाण आहे. विलायतेंतील पहिल्या पदवीची फी परदेशी विद्यार्थ्यांस तेथील मुलांहून कितीतरी अधिक पडते. होडी किंवा बाग गहाण टाकून ती भरूं नये. पहिली पदवी येथें, आणि शिष्यवृत्ति मिळाल्यास दुसरी तेथें, हा क्रम मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

"पण पुढें काय?" हा पालकांचा दुसरा प्रश्न. परराष्ट्र सेवेंत प्रवेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेनें होतो. तिला कोणत्याहि विषयाची पदवी चालते, आणि जागा फार थोड्या असतात; केवळ त्या आशेवर हा अभ्यास करूं नये. निर्यातीचा व्यापार, जहाजवाहतूक, वृत्तपत्रें, कायद्याचीं कार्यालयें, अध्यापन, आंतरराष्ट्रीय संस्था, येथें ह्या शिक्षणाचा उपयोग होतो. पण तेथेंहि विचारणा बहुधा दुसऱ्या विषयाचीच होते. हिशेब येतो काय? कायदा येतो काय? कोणती भाषा येते?

आपल्याच लोकांचीं उदाहरणें पाहावींत. दापोलीकडील मुर्डीचे रँग्लर र. पु. परांजपे हे १८९९ सालीं केंब्रिजमध्यें गणितांत सीनियर रँग्लर होणारे पहिले हिंदी गृहस्थ. १९४४ ते १९४७ ह्या काळांत ते ऑस्ट्रेलियांत हिंदुस्थानचे हायकमिशनर होते. त्यांच्या कन्या शकुंतलाबाई ह्यांनींहि केंब्रिजमध्यें गणिताचें शिक्षण घेतलें आणि पुढें जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर कार्यालयांत काम केलें. २०१८ ते २०२० परराष्ट्र सचिव असलेले विजय गोखले ह्यांचा विद्यापीठांतील विषय इतिहास, आणि सेवेंत गेल्यावर त्यांनीं चिनी भाषा आत्मसात केली. कोल्हापूर जिल्ह्यांतील अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे परराष्ट्र सेवेंत शिरल्यावर जपानी शिकले. आणि कोणतीहि सरकारी वकिलात न पाहतां ह्या विषयांत सर्वांत टिकाऊ काम कोणी केलें असें मला कोणी विचारलें, तर मी गोव्याच्या पांडुरंग पिसुर्लेकरांचें नांव घेईन. गोव्याच्या दफ्तरखान्यांतील पोर्तुगीज कागद त्यांनीं आयुष्यभर वाचले, आणि 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा त्यांचा मराठी ग्रंथ १९६७ सालीं पुणें विद्यापीठानें प्रसिद्ध केला. मोडी व पोर्तुगीज ह्या दोहोंवर प्रभुत्व असलेला अभ्यासक आजहि विरळा. सावंतवाडीपासून रत्नागिरीपर्यंतच्या मुलांस ही जोडी इतर कोणाहूनहि जवळची आहे. तिकडे कोणी वळत नाहीं ह्याचें मला नवल वाटतें.

हें सारें लिहून झाल्यावर, बंदी उठून होड्या पुन्हां पाण्यांत गेल्यानंतर, एका रविवारीं मी पूर्णगडास त्या पालकांच्या घरीं गेलों व माझें पहिलें सांगणें परत घेतलें. मुलीनें तोंवर रत्नागिरीस महाविद्यालयांत नांव घातलें होतें. इतिहास कीं अर्थशास्त्र, ह्याचा निश्चय झाला नव्हता. माझ्या आग्रहानें गणित मात्र तिनें पुन्हां हातीं धरलें आहे. आम्ही किल्ल्यावर जाऊन बसलों. मीं तिला बारा मैलांची गोष्ट सांगूं लागलों, तों तिचे वडील मध्येंच म्हणाले, "सर, ती रेघ आम्हांला ठाऊक आहे. गस्तीची बोट कोठून मागें फिरते तें आम्ही रोज पाहतों. पण ती कोणी आणि कां तेथेंच आंखली, हें आम्हांला कोणी सांगितलें नाहीं." मग थोडें थांबून त्यांनीं विचारलें, तो कायदा मराठींत वाचावयास मिळेल काय. आतां इंग्रजी प्रत समोर ठेवून मुलगी दर रविवारीं त्याचें एक कलम वहींत मराठींत उतरविते, आणि वडील तें वाचून शब्द सुधारतात. 'बेसलाइन' ह्या शब्दाशीं दोघेहि सध्यां अडलेलीं आहेत. ओहोटीची रेघ म्हणावें तर ती रोज हलते, असें तांडेलांचें म्हणणें आहे.